दादाने राखलेला खुंट

कळस, बुधवार, १९५८

कालव्यावर ठेकेदाराने रबरी चाकांचे नवे खोदयंत्र आणले. फावडे काढून आकडा लावला की तेच यंत्र दगड उचलते. दादा असता तर बघत बसला असता.

दादाने इथे खोदलेल्या शेवटच्या खड्ड्यात, खोली मोजायला राखलेला मातीचा खुंट अजून उभा होता. मापे कधीच झालेली. दादा गेल्यापासून मीच तो पाडू दिला नव्हता.

ड्रायव्हर म्हणाला, "कारकून, ह्यो खुंट कुणाचा हाय? आडवा येतोय."

"कुणाचा न्हाय. काढा."

असे कसे म्हणालो मी? खुंट एका झटक्यात गेला.

संध्याकाळी वाढताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, उद्या मला कामावर न्या. ह्यांचा खुंट एकदा बघायचा हाय."

मी बरं म्हणालो.