नाटकी मुलीच्या हातावरची गांधी

तीर्थरूप आईस,

लेकीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, स्वेटर घालते. बाबा गोळ्या घेतात की नुसतं हो म्हणतात?

थंडीनं मुलांच्या अंगावर पित्त का उठतं, याचा आम्ही अभ्यास करतोय, हे तुला ठाऊक आहेच. काल दवाखान्यात एक शाळकरी मुलगी आई आणि आजोबांबरोबर आली. गार पाण्यानं हात सुजतात म्हणून ती पोहायला नको म्हणायची, तर घरात तिचं नाव 'नाटकी' पडलेलं. परवा तरीही पाठवलं, तर पोहताना तिला भोवळ आली. शिक्षकांनी वेळीच बाहेर काढलं म्हणून वाचली.

मी पिशवीत बर्फाचा खडा घालून तिच्या हातावर थोडा वेळ धरला. तो काढल्यावर आम्ही सगळे बघत बसलो. हळूहळू तिथे खड्याएवढीच लाल गांधी फुगून वर आली.

तिची आई खाली बघत म्हणाली, "खरंच होतं गं तुझं."

पोरगी रडली नाही. हात उंच धरून आजोबांना म्हणाली, "बघा, नाटक असं फुगतं का?"

आमच्या मोठ्या डॉक्टरबाई कुणाला सहसा चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की यापुढे ही तपासणी नव्या डॉक्टरांना मीच शिकवायची. आई, तेव्हा तू तिथे हवी होतीस.

आणि हो, थंडीत आपल्या छकुलीचे गाल सुजतात असं दादा म्हणाला. घाबरू नका, पण तिला डॉक्टरांना दाखवा, तोवर गार पाण्यात उतरू देऊ नका. वहिनीला सांग, पोर म्हणेल ते आधी खरं धरायचं.

सगळ्यांना आठवण सांग.

तुझी,
मोठी