परसातल्या तीन सवती

माघ वद्य पंचमी, सोमवार
लढाईपायी घासलेट भेटत नाही, म्हनून उजेडातच लिवून घेतो. आज परसात मोगऱ्याची तीन रोपं लावली. हमीदाबी मनियारीन कारंज्याहून घेऊन आली, भावाच्या बगीच्यातून. तिले म्हटलं होतं, मले बांगड्या तं भरत नाहीस, झाडं तरी दे. बिचारीनं खरंच आनली.
नावं ठेवली. थोरली, मधली, धाकटी. तिघी माह्या सवती. हे होते तवा एक आनाची हिंमत झाली नाही त्याहिले, आता मीच तीन आनल्या.
जाऊ माही, अनसू, हसता हसता खालीच बसली. दिवस गेलेत तिले, म्हटलं सांभाळून हस वं. बुढी हसली नाही. (वहीत बुढी. तोंडावर आत्याबाई. सासू ते सासूच.)

माघ वद्य अष्टमी
नामदेवभाऊजीले, अनसूच्या मालकाले, परसात गोठा पायजे. वावर तेच वाहतात, घरही त्याहिचंच. ह्यांच्या वाट्याचं म्हनून एवढं परस राह्यलं. घरात मले कोपरा हाय. परसात मी हाय.
मी म्हटलं, भाऊजी, तुमच्या म्हशीले मोगऱ्याचा वास सोसंल का? पाहुने बसले होते, सारे हसले. भाऊजीले झोंबलं.
"वैशाखातल्या आखाजीपरेंत एक जरी झाड मूळ धरून लागलं तं जागा तुमची, वहिनी. नाही तं दुसऱ्या दिवशी गोठ्याची मेढी गाडतो."
मी हसून हो म्हटलं. आत आली आन् आखाजीले किती दिवस राह्यले ते बोटावर मोजले.

फाल्गुन शुद्ध, तिथी ध्यानात नाही
काळी माती. पानी टाकलं तं चिखल, नाही टाकलं तं भेग. भेग पडली का आतली मुळी तुटते. रोज सकाळी भेगा बुजवतो, बुडाशी पालापाचोळा, वरून कपाशीच्या पऱ्हाट्यांची सावली. विहिरीचं पानी खाली चाललं. दोर हाताले कापते.
थोरलीनं पानं टाकली. तिले म्हटलं, रुसू नको, मानपान तुलेच पह्यला. ऐकत नाही.

फाल्गुन पुनव
थोरली गेली. नखानं साल खरडली, आत हिरवं काहीच नाही.
भाऊजी म्हने, "एक सवत मेली, वहिनी. सुतक पाळा."
माहीच थट्टा मले. हसली. मंग कोनी नव्हतं तवा उपटली. खाली एक नवी मुळी नाही. जशी मातीत घातली होती, तशीच

चैत्र शुद्ध षष्ठी
दोघींले कळ्या आल्या. अनसू तं नाचाचीच बाकी होती. मीही.
हमीदाबी बांगड्या घेऊन गल्लीत आली होती. तिले दाखवल्या तं तिनं कपाळाले हात लावला. "कल्याँ तोड डाल, बाई. पैले जड पकडने दे. फूल खा जाते झाड को." म्हंजे आधी मुळी धरू दे, नाही तं फुलंच झाडाले खातात.

चैत्र शुद्ध सप्तमी
खुडाले गेली. कळीले नख लावलं तेवढ्यात बुढी मांगं.
"घरात पोटुशी बाई, आन् तू कळ्या खुडून राह्यली?"
अनसू दारात उभी. पोटावर हात. याच्या आधी दोनदा पडलं तिचं. तिच्या डोळ्यात भेव होतं, आन् ते माह्या हाताचं होतं.
नख काढून घेतलं. रांडमुंडीचा हात असं बुढी म्हटली नाही. म्हनाची गरज नव्हती.

चैत्र पुनव
फुलल्या. वास पार गल्लीपरेंत. अनसूनं वेनीत घातली, बुढीनं देवाले वाह्यली. सारे खुश. मधलीची पानं पिवळी पडून राह्यली.
भाऊजीले म्हटलं, तुमी खुडा ना कळ्या, तुमाले कोन काय म्हन्ते?
"बाप मी होनार हाय, वहिनी." थट्टा नव्हती.

चैत्र वद्य
मधली गेली. फुलं अंगावर घेऊनच वाळली. सवाशीनच गेली म्हना.
असं लिवलं, पन हसू येत नाही. धाकटी राह्यली फक्त, तिलेही तशाच गच्च कळ्या. मेढी आनून टाकली भाऊजीनं परसात. मी तिच्यावर बसतो आन् पाहत राह्यतो. झाड मरून राह्यलं हे दिसते, काहून मरते ते माहीत हाय, आन् हात मांडीवर ठेवून बसाचं. जाऊ द्या. जागाच तं हाय.

वैशाख शुद्ध प्रतिपदा
दुपारी बुढीचा डोळा लागला होता. अनसू परसात आली.
"बाई, तुमी नका हात लावू. मी खुडतो."
मी तिचा हात धरला. म्हटलं, तुले भेव नाही वाटत?
"वाटते ना. पन गोठा झाला तं तुमी जानार कुठं बसाले?"
हात सोडवून घेतला तिनं. एकेक कळी खुडली, पदरात घेतली, शेनाच्या खड्ड्यात दाबली. आत्याबाईले सांगू नका म्हने.
मले तिले थांबवता आलं असतं. दुसऱ्यांदा हात धरला नाही मी

द्वितीया
अनसूची कंबर सकाळपासून दुखून राह्यली. बुढी परसात जाऊन आली.
"कळ्या कुठी गेल्या?"
अनसूनं तोंड उघडलं. तिच्या आधी मी बोलली. मी खुडल्या म्हटलं.
बुढी मारंल असं वाटलं. मारलं नाही. भिंतीले टेकून खाली बसली, म्हातारी दिसली एकदम.

आखाजी
सुईन आत अनसूपाशी हाय, दिवस अजून भरले नाहीत. मले उंबरा ओलांडू देत नाहीत. चूल पेटली नाही, आज पितर उपाशी. भाऊजी मेढीवर बसले, गोठ्याचं नाव काढत नाहीत. माह्याकडं पाहतही नाहीत.
मघा अनसूनं आतून हाक मारली, बाई म्हनून. बुढीनं दार लोटलं.
धाकटीच्या खोडाले, पार खाली, हिरवं टिपक्याएवढं काही हाय. पान हाय का कीड, हात लावून पाहाची हिंमत होत नाही.