अर्धं डांबर, अर्धी खडी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (सध्या कंबर वाकत नाही, तेव्हा हा नमस्कार कागदावरच झाला असं समज. कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? मी पाठवलेल्या गोळ्या जेवणानंतर घेतेस ना, की खिडकीत मांडून ठेवल्यास? इकडे सगळे मजेत. औषधांचं दुकान चालू आहे, लोक आजारी पडतायत, देवाची कृपा.

तर विषय भाऊजींच्या मोटरसायकलचा. ते गेल्यावर तू ती मला देऊन टाकलीस आणि एकच अट घातलीस: तुझ्या साठाव्या वाढदिवसाला ती घेऊन यायचं आणि आपण दोघांनी तिच्यावरून तळ्यापर्यंत जायचं. मी छाती फुगवून हो म्हटलं. आता बावीस तारीख नऊ दिवसांवर आली आहे. गाडी इतकी उंच, की सिग्नलला एक पाय टेकला की दुसरा हवेत लोंबकळतो, आणि कोणता टेकायचा हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. पण खरी अडचण टायरची होती. भाऊजींचे टायर पार तुळतुळीत झाले होते.

टायरच्या दुकानात कळलं, की असल्या गाड्यांचे टायर प्रमाणात येतात. नव्वद-दहा, सत्तर-तीस, पन्नास-पन्नास. पहिला आकडा डांबराचा, दुसरा खडीचा. ताई, प्रमाण हा शब्द ऐकला आणि मला स्फुरण चढलं. तीस वर्षं मी दुसरं केलंय काय? सपाट टायर डांबरावर पळतो पण खडीवर घसरतो, मोठाल्या ठोकळ्यांचा खडीत धरून राहतो पण डांबरावर घोंघावतो आणि लवकर झिजतो, एवढंच टायरवाल्याचं म्हणणं. मी घरी येऊन तुझ्या घरावरून पार तळ्यापर्यंतचा रस्ता मांडला. एकूण एकशे चौऱ्याऐंशी किलोमीटर, त्यातले शेवटचे एकतीस खडीचे. म्हणजे ८३.१५ ला १६.८५. दुसऱ्या दिवशी जाऊन बरोबर त्याच प्रमाणाचा टायर मागितला. टायरवाला माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "साहेब, टायर हवाय की खोकल्याचं औषध?" मी रागाने निघून गेलो, पण दुसरं दुकान बरंच लांब निघालं, म्हणून परत आलो. त्यात आमच्या वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर सत्तर-तीसवर अडून बसलेला (हा स्वतः अशीच गाडी चालवतो आणि दात काढताना पेशंटला प्रवासवर्णन ऐकवतो, बिचाऱ्यांचं तोंड उघडं, पण बोलायची सोय नाही), आणि आमच्या हिचं मत, बसने जावं. तीन आठवडे घोळ घालून शेवटी पन्नास-पन्नास बसवून घेतले.

आणि इथे माझ्या पेशाने घात केला. आमच्यात पाकिटावर जे प्रमाण लिहिलेलं असतं ते मुकाट पाळायचं असतं. त्यामुळे माझी अशी पक्की समजूत, की हे टायर जेवढे डांबरावर चालतील तेवढेच खडीवरही चालवायला हवेत, नाहीतर बिघडतात. (हसू नकोस.) घर ते दुकान जाऊन-येऊन सहा किलोमीटर डांबर, म्हणजे रोज सहा किलोमीटर खडी देणं आलं. ती आणायची कुठून? तर नदीपलीकडे नव्या इस्पितळाचं बांधकाम चालू आहे, तिथे आवारभर खडी पसरलेली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी हेल्मेट घालून मी तिथे गोल गोल फिरू लागलो. एक फेरी एकशेवीस मीटरची, तेव्हा पन्नास फेऱ्या, शिवाय तिथवर जायला लागलेल्या डांबराच्या चार जादा. दर पाच फेऱ्यांनी थांबायचं आणि वहीत रेघ ओढायची.

पहिल्या दिवशी रखवालदाराने सलाम ठोकला. दुसऱ्या दिवशी मुकादमाने माणसं लावून आवार झाडून घेतलं. तिसऱ्या दिवशी मला खुर्ची आणि चहा. मग लक्षात आलं, की वहीमुळे हे लोक मला तपासणीचा साहेब समजतायत, आणि जो साहेब एकच आवार चोपन्न वेळा तपासतो त्याच्यापुढे कुणाचीही गाळण उडणारच. चौथ्या दिवशी त्यांनी एक चांगली उभी भिंत पाडून पुन्हा बांधायला घेतली. आता खरं कुठल्या तोंडाने सांगणार? पाचव्या दिवशी, एकोणचाळिसाव्या फेरीला, पुढचं चाक एका बाजूला गेलं, मी दुसऱ्या बाजूला गेलो, आणि आमची गाठ वाळूच्या ढिगात पडली. मुकादम धावत आला, मला उभं केलं आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, वाळू चांगल्यातलीच आहे हो!" मी तोंडातली थुंकली आणि आहे म्हटलं.

टायरवाल्याला हे सांगितल्यावर तो टायरच्या चळतीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसला. "अहो, टायर कसा बनवलाय ते सांगणारे आकडे ते. जेवणानंतर दोन वेळा घ्यायचाय का तो?"

असो. टायर उत्तम, गाडी शाबूत (एक आरसा सोडून), तयारी पूर्ण. बावीसला पहाटे निघतोच. मांजरास आशीर्वाद, आणि तुला पुन्हा एकदा न वाकता नमस्कार.

तुझा धाकटा बंधू

ता.क. तुमच्याकडची ती एकतीस किलोमीटर खडी बावीसच्या आत डांबरी होण्यासारखी आहे का? सहज विचारतोय.

पुन्हा ता.क. ताई, तुझ्यापाशी काय लपवायचं? मला भीती वाटते. टायरवाल्याने आज भाऊजींचे जुने टायर दाखवले. ते साध्या डांबरी रस्त्याचेच होते! अकरा वर्षं दर रविवारी असल्याच टायरवर ही गाडी त्याच खडीवरून तळ्यापर्यंत गेली. म्हणजे दोष टायरचा नाही. खडी दिसली की मी हँडल आवळून धरतो आणि पुढच्या चाकाकडे बघत बसतो. एकटा पडलो तर वाळू थुंकून उठेन, पण तू मागे असताना पडलो तर ते मला सोसायचं नाही.

शेवटचं ता.क. पाना शोधायला आत्ता गाडीच्या मागची पेटी रिकामी केली, तर तळाशी हातमोजे निघाले. भाऊजींचे पंजे फावड्याएवढे. हे तर माझ्याही हातात जात नाहीत. तळव्याला झिजलेत, आणि उजवा जास्त, जिथे मूठ पिळतात तिथे. मागे बसून कुणाचे हातमोजे असे झिजत नाहीत, ताई. अट घालताना पुढे कोण बसणार हे तू बोललीच नव्हतीस, ते मीच धरून चाललो. तेव्हा बावीसला सकाळच्या बसने डांबर संपतं तिथपर्यंत ये. हातमोजे आणतोय. तिथून पुढे तू चालव. (तुझे तरी दोन्ही पाय टेकतात ना?) लहानपणी सायकलवर शाळेत न्यायचीस तशीच ने, फक्त पोटाला घट्ट धरलं म्हणून तेव्हासारखी ओरडू नकोस.