रुक्सानाचे वर झालेले हात

रविवार, संध्याकाळ. रत्नागिरी, घरी.

माझ्या सत्काराला जुन्या शाळेत बास्केटबॉलची मॅच ठेवली होती. लीगमध्ये मी पॉइंट गार्ड, म्हणजे दुसऱ्यांना बॉल पोचवणारी. शाळेच्या टीममध्ये असल्यापासून रुक्सानाची नि माझी खूण होती: मी मान दुसरीकडे वळवली की पास तिलाच.

आज मान वळवली. बास्केटखालून तिचे हात लगेच वर झाले. मला अडवणारी मुलगी तिकडे धावली आणि शॉट मी मारला. टाळ्या पडल्या. रुक्सानाचे हात अजून वरच.

नंतर पाण्याची बाटली देत ती म्हणाली, "मला वाटलं, अजून तसंच आहे गो."

"विसरलेच बघ," म्हटलं मी.

कसली विसरते? तिचे हात वर होणार, हे धरूनच तर मान वळवली.