बीपी आहे, वाद नको

प्रिय आत्या,

काल तुझी शोकसभा झाली. युनियनच्या सभेत, कंपनीच्या गेटवर माइक नसतानाही मागच्या रांगेपर्यंत पोचणारा माझा आवाज काल दोन वाक्यांत संपला. म्हणून हे लिहिते आहे. तू सोपवलेलं काम राहून गेलंय, आणि ते राहिलं तर तू मला सोडायची नाहीस!

काल सगळेच गोड बोलले. चाकणच्या कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर तुझ्या शेजारी बसणाऱ्या शकुंतलामावशी म्हणाल्या, "कुणाला उलट बोलली न्हाई कधी." मला हुंदका आणि हसू एकदमच आलं. तू? उलट बोलली नाहीस?

अगं, कासारवाडीच्या आपल्या दोन खोल्यांत तू दुसरं केलंस काय! मी वक्तृत्व स्पर्धेची तयारी करायचे आणि तू भाकरी थापता थापता मुद्दाम विरुद्ध बाजू घ्यायचीस. मी म्हणायचे, मुलींनी शिकलं पाहिजे. तू म्हणायचीस, "कशापायी? सांग की!" स्वतःची शाळा सुटल्याचं दुःख जन्मभर बाळगणारी तू, मला रडकुंडीला आणायचीस. "रडू नगंस. मुद्दा मांड." पुढे पुष्कळ वाचलं, पण मुद्दा मांडायला मी त्या चुलीपुढे शिकले. हाकसुद्धा कशी मारायचीस! "ए विरोधी पक्षा!"

मग तुझं बीपी निघालं आणि दादांनी, माझ्या वडिलांनी, घरात कायदा केला. "ताईला बीपी आहे, वाद नको." आपल्याकडे बीपी म्हटलं की टेन्शन आणि राग, तिसरं कारणच नाही. त्या दिवसापासून आम्ही सगळे मऊ झालो. चऱ्होलीत अजून नुसती ज्वारीच पिकते, असं तू ठासून सांगायचीस, आणि तिथल्या दहा-दहा मजली इमारती पाहून आलेले आम्ही माना डोलवायचो, "व्हय आत्या." एकदा तू वैतागून म्हणालीस, "आरं, मी जित्ती हाय का न्हाई?" आम्ही त्यालाही "व्हय" म्हणालो.

एका गोळीच्या तीन झाल्या, तरी बीपी हटेना. दादा माझ्याकडेच डोळे वटारायचे, "तूच काहीतरी बोलली असशील!" आणि मी आणखी गप्प व्हायचे.

मग त्या सकाळी तू उशीला टेकून धापा टाकत बसलीस. छातीत पाणी भरलं होतं, महिन्याभरात दुसऱ्यांदा. रक्ताचा रिपोर्ट आला, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं थकलेली. सोनोग्राफीत एक मूत्रपिंड आक्रसून गेलेलं दिसलं, आणि पुढच्या तपासणीत खरं कारण सापडलं. मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आतून थर साचून अरुंद झाल्या होत्या.

डॉक्टरांनी किती सोपं सांगितलं! "मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं. त्याला वाटतं, अख्ख्या अंगातच दाब कमी पडलाय. म्हणून तेच दाब वाढवायचा हुकूम सोडत राहतं."

ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तू विचारलंस, "म्हंजी माझ्या रागाचा संबंध न्हाई?"

"रागानं दाब घटकाभर चढतो आजी, पण तीन गोळ्या घेऊनही उतरत नाही, तो दाब रागाचा नव्हे. मिश्रीचा संबंध मात्र आहे, तंबाखूच ती. ती आज बंद."

तू माझ्याकडे वळलीस. "ऐकलंस? आता भांड!"

आत्या, त्या क्षणी मला आनंद झाला, संताप झाला, काय काय झालं! कुणी कधी तुझी मूत्रपिंडं तपासली नाहीत, फक्त तुझं तोंड बंद केलं. आणि तूही कमी नाहीस. मिश्री सोड म्हणून मी तुझ्या पाया पडले होते. "ती सोडली की दातं हलत्यात" म्हणत राहिलीस. तो वाद तू हरलीस बरं का, कबूल केलं नाहीस तरी!

डॉक्टर म्हणाले होते, वाहिनी उघडी ठेवणारा स्टेंट सगळ्यांनाच लागत नाही, पुष्कळांना औषधंच पुरतात. पण तुझ्या छातीत पुन्हा पुन्हा पाणी भरत होतं, म्हणून चांगल्या मूत्रपिंडाच्या वाहिनीत तो घातला. आक्रसलेलं परत आलं नाही. उरलेल्यानं मात्र तुला डायलिसिसपासून वाचवलं, आणि आपल्याला दिवाळीपर्यंतचं भांडण मिळालं. काय भांडलो गं आपण! शेजारी विचारायला यायचे. दिवाळीनंतर तुझ्या हृदयानंच दगा दिला, त्याच्याशी वाद घालायला सवड मिळाली नाही.

शेवटच्या भांडणात तू बजावलं होतंस, "माझ्या शोकसभेत समदी ग्वाड बोलतील. येकानं तरी इरोधात बोलायचं. ते काम तुझं." तेच काल जमलं नाही.

आज सकाळी दादा तुझ्या फोटोला हार घालून म्हणाले, "ताई कधी चुकली नाही." त्यांचीही बीपीची गोळी हल्लीच सुरू झाली आहे. मी मोठ्यानं म्हणाले, "चुकली! मिश्रीच्या बाबतीत साफ चुकली." दादा उसळले. मीही सोडलं नाही. आई मध्ये पडली, आणि भांडता भांडता आम्ही दोघं रडलो. किती दिवसांनी घरात आवाज झाला!

आत्या, शब्द देते. गोळ्या वाढूनही बीपी उतरत नसेल तर आधी मूत्रपिंडं तपासा, हे मी प्रत्येक गेटवर सांगेन. दादांची तपासणी या आठवड्यातच. आणि या घरात कुणाच्याही आजारपणात त्याला नुसतं "व्हय" म्हणणार नाही.

तुलाही नाही.

तुझाच विरोधी पक्ष,
मंदा