जर्मनचा शाफ्ट आणि मागची सीट

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी अजून तुमच्या सुनेवर जळतो. चांगली जळते बरं का छाती, साठी उलटल्यावरसुद्धा. ती बिचारी या क्षणी आत भाजी फोडणीला टाकते आहे आणि नवरा बाहेर बसून तिच्याविरुद्ध मेलेल्या सासऱ्याकडे तक्रार लिहितो आहे, याची तिला कल्पना नाही.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेवरच्या आपल्या गॅरेजात मी मिसरूड फुटायच्या आधीपासून गाड्यांखाली झोपत होतो. हा जॉइंट का झिजतो, हा गिअर का ओरडतो, असं काही विचारलं की तुमचं एकच उत्तर असायचं. "हात चालव. तोंड कायले चालवून राहिला?" मी हात चालवत राहिलो. मला वाटायचं, कधीतरी संध्याकाळी हात धुता धुता तुम्ही आपणहून बोलायला लागाल, सगळं सांगाल. तुम्ही हात धुवायचे आणि सायकल काढायचे.

तुमसरच्या राईस मिलवाल्या शेठची ती लांबलचक विलायती गाडी आठवते ना? आठ सिलिंडरची, पेट्रोल अशी प्यायची की शेठला घाम फुटायचा. शेठच्या गोंदियाच्या मेव्हण्याने नवी गाडी घेतली होती आणि तिच्यापुढे आपली मागे पडते, हे शेठच्या जिवाला लागलं होतं. म्हणजे जळणारा मी एकटा नव्हतो. मीच त्यांना म्हटलं की इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा शाफ्ट लोखंडाचा आहे, तो फिरवण्यातच बराच दम जातो, अॅल्युमिनियमचा टाकू. एका जुन्या इंग्रजी मासिकातलं चित्र दाखवून नागपूरच्या खरादवाल्याकडून लेथवर मी तो करवून घेतला. तुमच्यासमोर ठेवला तेव्हा मी छाती फुगवून उभा होतो. तुम्ही तो एका हाताने उचललात, खालीवर केलात आणि म्हणालात, "जर्मनचा हाये म्हन की." घरातल्या भाताच्या अॅल्युमिनियमच्या पातेल्याबद्दल बोलावं, तसं. मग तो गाडीला चढवलात आणि म्हणालात, चालवून पाहू.

ती नेमकी डबा घेऊन आली होती. एकोडीहून लग्न होऊन येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. "बस मागं, सूनबाई. पुलापर्यंत फिरवून आनतो," तुम्ही म्हणालात. गाडीत गालिचा पाहून तिने चपला बाहेर रस्त्यावरच काढल्या आणि देवळात शिरावं तशी आत बसली. मला शरमेने कुठे तोंड लपवू असं झालं. तुम्ही मात्र हसलात.

गाडी निघाली. क्लच सोडला की आधी जरा थांबल्यासारखी व्हायची, मग धक्का देऊन उसळायची. मला वाटलं, हाच तो पिकअप. भंडारा ओलांडून तुम्ही वेग वाढवलात, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, "मामाजी, पायाखाली झिनझिन करून राह्यलं."

मला काही जाणवत नव्हतं. माझ्या पायात बूट होते. तुम्ही वेग कमी केलात. "आता?"

"आता नाई."

पुन्हा वाढवलात. "आता?"

"आता आलं. तळव्याले गुदगुल्या होऊन राहिल्या."

वैनगंगेच्या पुलाअलीकडे तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. खांद्यावरचा दुपट्टा काढलात, मागे वळलात आणि दोन्ही टोकं धरून त्याला पीळ दिलात. "हे पाह्य, सूनबाई. इंजिन इकून पिळते, चाकं तिकून अडून राह्यतात. लोखंड कमी पिळते, जर्मन जास्त. म्हनून निघतानी धक्का. अन् जोरात फिरली की बारीक नळी मधातून थरथरते, तेच तुह्या पायाले लागलं. नळी जाड पाहिजे होती. पन जाड नळी या गाडीच्या पोटात मावत नाई. पोरानं डोकं बराबर लावलं, धातूचा काई दोष नाई."

पोरानं डोकं बरोबर लावलं. पोरगा तुमच्या शेजारी बसला होता, बाबा. हातभर अंतरावर. ते तुम्ही मागच्या सीटला सांगितलंत.

शेठच्या गाडीला पुन्हा लोखंडी शाफ्ट चढला. पण त्या दिवसापासून ट्रक असो की जीप, चालवून पाहायची वेळ आली की तुम्ही तिला बोलवायला घरी निरोप धाडायचे. ड्रायव्हर लोक हसायचे, तुम्हाला पर्वा नव्हती. गॅरेजात मुका असलेला माझा बाप तिच्यापुढे घडाघडा बोलायचा, आणि मी पाने-पक्कड पुसत उभा राहायचो. पुढे दम्याने तुम्ही खाटेला खिळलात. मी एकट्याने एक ट्रक नीट करून, चालवून आलो आणि कौतुकाने सांगायला बसलो. तुम्ही धापा टाकत विचारलंत, "सूनबाई बसली होती का?" त्या रात्री मी जेवलो नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती ऊर फुटेस्तोवर रडली. मला तेही सहन झालं नाही, तिच्याकडे रडण्यासारखं माझ्यापेक्षा जास्त होतं.

मागच्या महिन्यात न राहवून तिला हे बोललो. ती आधी हसली, मग माझ्याकडे पाहतच राहिली. "अवो, मले त्या शाफ्टाचं काय करा लागत होतं? मामाजी तुमालेच सांगत होते. तुमच्याकडं पाहून बोलनं त्याईले जमत नोतं, म्हनून माह्याकडं पाहत."

खरंच असेल ते. तिचं सहसा चुकत नाही. पण बाबा, एवढी मोठी गोष्ट, आणि तीही मला तिच्याच तोंडून कळावी?

हे पत्र मी गादीखाली ठेवणार आहे. तिच्या हाती लागलं तर ती सगळं वाचेल आणि मामाजी यावर काय म्हणाले असते, ते तुमच्याच आवाजात सांगेल. मला ते उत्तर फार हवं आहे. पण तिच्याकडून नको.