शेवटची सायकल

सोमवार
निघालो एकदाचे! इतकी वर्षं दादा मला या सायकलसफरीला न्यायचं टाळत होता, तुला झेपायचं नाही म्हणून. यंदा स्वतःच फोन करून बोलावलं. शिवाय माझ्या सायकलच्या मागच्या दोन्ही पिशव्या त्यानं स्वतः भरल्या, मला हातसुद्धा लावू दिला नाही. जड झाल्यात खऱ्या. पण ज्यानं कधी माझं दप्तर उचललं नाही, तो पिशव्या भरून देतोय म्हटल्यावर तक्रार कसली करायची! सोबत त्याचे एक मित्र, दातांचे डॉक्टर. चढावर तेच असे दातओठ खातात की बघत राहावं.

यांची एक रीत आहे. नवा माणूस सगळ्यात मागे. पुढून दादा ओरडतो, "शेवट?" मागच्यानं म्हणायचं, "आहे!" म्हणजे कुणी चुकलं नाही हे कळतं. मी इतक्या जोरात ओरडलो की रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली.

मंगळवार
घाट सुरू. मांड्या भरून आल्यात. दुपारी दादानं हाक दिली, मी उत्तर दिलं, आणि माझ्या मागून आणखी कुणीतरी म्हणालं, "आहे." आधी वाटलं, डोंगरातून माझाच आवाज फिरून आला. पण तो पोक्त माणसाचा होता, दमलेला. जेवताना सांगितलं तर कुणी माझी टर उडवली नाही. डॉक्टर अर्ध्या ताटावरून उठले.

बुधवार
मागे एक सायकल आहे. साखळीला तेल नसलेली, करकरत येणारी. मी थांबलो की तीही थांबते, पण जराशी उशिरा. वळून पाहिलं तर रस्ता मोकळा.

लॉजवाल्यानं दादाला विचारलं, गेल्या वर्षीचे मास्तर यंदा दिसत नाहीत? दादा म्हणाला, त्यांचे गुडघे गेले. या मास्तरांबद्दल माझ्याकडे त्यानं चकार शब्द काढला नव्हता.

गुरुवार
पिशव्या उपसल्या. माझ्या कपड्यांखाली दुसऱ्याचं ओलसर जाकीट, चिखलाचे बूट, फुटलेलं हेल्मेट. दादाला धरलं तेव्हा बोलला. गेल्या वर्षी मास्तर शेवटी होते. आम्ही उद्या उतरणार त्याच उतारावर ते पडल्याचा आवाज या दोघांनी ऐकला, पण अंधारून आलं होतं म्हणून मागे फिरले नाहीत. सकाळी नुसतं सामान सापडलं. तेव्हापासून मास्तर यांच्या मागे आहेत, घरी, दवाखान्यात, जिन्यावर. त्यांचं ओझं घेऊन कुणी त्याच उतारावर शेवटचा झाला, तरच मास्तर सुटतील, त्यांच्या जागी तो मागे राहील. मीच का, विचारलं. म्हणाला, तुला बायकोपोरं नाहीत रे. रडत म्हणाला. मला त्या रडण्याची किळस आली.

शुक्रवार
दोघं न सांगता निघून गेले. माझ्या पिशव्या त्याच सामानानं पुन्हा भरून सायकलला तारेनं आवळल्यात, सुटत नाहीत. मागे फिरलो तर करकर समोरून येते. म्हणून पुढे.

उतार. ते खाली दिसतायत. सख्खा भाऊ माझा, आणि —

हाक आली. मी उत्तर देणार नाही. नाहीच —

करकर अगदी खांद्याशी —

पुढे गेले. मास्तर माझ्या पुढे गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी कडेला बसलोय, पाय हलत नाहीत —

खाली आता तिघं. दादानं वळून पाहिलं. हसला. किती दिवसांनी मोकळा हसला —

दादा, अरे मी इथे